काळी गाडी, दोन बादल्या आणि आरओचं पाणी : एक प्रकरण

पार्श्वभूमी

सिंहगड रस्त्यावर, धायरीच्या बाजूला, साठेक फ्लॅटची एक सोसायटी आहे. तिथल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या गाडीची ही हकिगत. त्यांचं नाव सांगत नाही. अख्खी सोसायटी त्यांना काका म्हणते, तेच इथेही चालू ठेवतो. गाडी २०१८ ची, सेडान, रंग काळा. काकांनी आयुष्यभर जुन्या गाड्या वापरल्या. ही पहिली कोरी गाडी, निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. पाच वर्षांत चालली ३१,००० किलोमीटर. म्हणजे चालली कमी आणि पुसली गेली जास्त. सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं, पण ते आम्हाला कळायला पंधरा दिवस गेले.

मी शेजारच्या इमारतीत राहतो. नोकरी चाकणला. रविवारी गाड्यांच्या रंगाशी खटपट करायचा नाद आहे, धंदा नाही. डिसेंबरात काकांच्या मुलीचा साखरपुडा ठरला आणि काका माझ्याकडे आले. "अरे, तुझ्याकडे ते पॉलिशचं मशीन आहे ना? एकदा फिरव गाडीवर. पाहुणे येतील, गाडी उन्हात लावायची झाली तर लाज वाटते."

त्याआधी ते एका डिटेलिंगवाल्याकडे जाऊन आले होते. सिरॅमिक कोटिंगचे, म्हणजे रंगावर घट्ट बसणाऱ्या संरक्षक थराचे, बत्तीस हजार, तीन वर्षांची वॉरंटी आणि ती टिकवायला दर सहा महिन्यांनी वेगळे पैसे भरून मेंटेनन्स, असा हिशेब त्यांच्या हातात होता. बँकेतला माणूस, कागद दोनदा वाचून परत आला.

अडचण नेमकी काय होती

बेसमेंटमध्ये ट्यूबलाइटखाली गाडी बरी दिसत होती. वर उन्हात आणली आणि बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं उमटलं. केसाएवढ्या बारीक ओरखड्यांची वर्तुळं, एकात एक. मान हलवली की जाळंही आपल्याबरोबर सरकतं. लोकांना वाटतं की कोणीतरी गोल गोल घासल्यामुळे असं होतं. तसं नसतं. ओरखडे सगळ्या दिशांना असतात. प्रकाशाच्या वाटेत आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळ दिसतं. पांढऱ्या गाडीवर हेच ओरखडे असतात, पण पांढऱ्यावर पांढरी चमक कोणाला दिसणार? काळा रंग काहीच पोटात घालत नाही.

दुसरी गोष्ट पांढरट कड्यांची. टपावर, बॉनेटवर आणि काचांच्या खालच्या कडेला थेंबाच्या आकाराची वर्तुळं होती. काही नखाने खरवडली की भुकटी निघायची, काही अजिबात हलायची नाहीत. तिसरी गोष्ट डिकीवरचा रुपयाएवढा डाग. काकू योगाच्या वर्गाला जातात तिथे पिंपळाखाली गाडी लागते. पिंपळाची फळं खाल्लेल्या पक्ष्यांची जांभळट विष्ठा उन्हात दोन दिवस तशीच राहिली होती. तापलेला रंग मऊ पडतो, वर विष्ठेतलं आम्ल, आणि गाडी निवली की डागाखालचा भाग आक्रसून सुरकुततो. पुसल्यावर विष्ठा जाते, सुरकुती राहते.

इथे एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचे निर्णय उगाच भित्रेपणाचे वाटतील. आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या थरावर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. आपला केस सत्तरेक मायक्रॉन जाड धरला, तर हा थर केसापेक्षाही पातळ. ओरखडे याच थरात असतात. पॉलिश करणं म्हणजे ओरखडा भरणं नव्हे, त्याच्या आजूबाजूचा थर घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणणं. ऊन झेलणारी द्रव्यं त्याच थरात असतात, आणि एकदा उतरवलेला थर परत येत नाही. म्हणजे प्रत्येक पॉलिश ही मुद्दलातून काढलेली रक्कम. काकांना ही उपमा लगेच पटली.

समोर असलेले पर्याय

बत्तीस हजारांचा सिरॅमिक हा एक. काम चांगलं झालंही असतं, पण पुढे रोजचा कपडा तोच राहणार असेल तर वर्षभरात जाळं पुन्हा येणार, फक्त महागड्या थरावर.

दुसरा पर्याय कोपऱ्यावरच्या गॅरेजमधलं रबिंग, दीड हजारात. एका जागी गरगर फिरणारं मशीन, त्यावर लोकरीची चकती आणि हात घाईचा. गाडी त्या दिवशी आरशासारखी दिसते, कारण वर तेलकट मेण राहिलेलं असतं. चार धुण्यांत ते उतरलं की जुन्या जाळ्याच्या जोडीला मशीनचे धुरकट पट्टे दिसायला लागतात. काळ्या गाडीवर हा प्रकार मी तीनदा निस्तरलाय, म्हणून याला मी लगेच नाही म्हटलं.

काकांच्या भाच्याने पीपीएफ सुचवलं, म्हणजे अख्ख्या गाडीला पारदर्शक फिल्म. पाच वर्षं जुन्या, आधीच ओरखडलेल्या गाडीला लाखभर रुपयांची फिल्म लावायची म्हणजे ओरखडे काचेखाली जपून ठेवण्यासारखं. तो विषय चहा संपायच्या आत संपला.

चौथा पर्याय काहीच न करण्याचा. हा कोणी पर्याय म्हणून मोजत नाही, पण मोजायला हवा. गाडी चालत होती, गंज नव्हता, आणखी पाच वर्षं तशीच चालली असती.

आणि पाचवा, घरीच करायचं. मशीन माझं, सामान काकांचं, कष्ट दोघांचे. माझं मशीन ड्युअल अॅक्शन प्रकारचं आहे. चकती स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी हेलकावेही घेते. त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही आणि नवख्या हातून रंग जळायची भीती बरीच कमी होते. आम्ही हा पर्याय घेतला.

पहिला शनिवार

सकाळी सात वाजता गाडी बेसमेंटमध्येच धुतली. अंग गार असताना आणि सावलीत धुवायची, हा काळ्या गाडीचा पहिला नियम. उन्हात शाम्पू पाणी मारायच्या आधीच वाळतो. बादल्या दोन, एकीत शाम्पू आणि एकीत साधं पाणी. हातमोजा आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मगच शाम्पूत बुडवायचा. काकांनी भांड्याचा साबण आणला होता, तो परत पाठवला. एकदा वापरल्याने आभाळ कोसळत नाही, पण तो वरचं मेण धुऊन काढतो आणि रबर कोरडं करतो.

पांढऱ्या कड्यांसाठी स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर आणि तितकंच पिण्याचं पाणी. त्यात भिजवलेला कपडा डागावर मिनिटभर पसरून ठेवायचा, मग भरपूर पाण्याने धुवायचं. क्षार आम्लात विरघळतात, साधं रसायन आहे. निम्म्याहून जास्त कडी गेली. उरलेली थरात उतरली होती, तिथे व्हिनेगरचं काम संपतं.

मग क्ले, रंगाला चिकटलेले कण ओढून काढणारी माती. मळलेल्या कणकेसारखा गोळा, चपटा करून, ओल्या अंगावरून अलगद फिरवायचा. आधी काकांच्या हातात दुधाची रिकामी पिशवी घातली आणि धुतलेल्या बॉनेटवरून बोटं फिरवायला सांगितली. प्लॅस्टिकमधून खरखर जास्त जाणवते. "हे तर सँडपेपर आहे!" काका म्हणाले. सगळी गाडी क्ले करायला दीड तास गेला. गोळा खाली पडला तर टाकून द्यायचा, धुऊन परत वापरायचा नाही. आमचा एकदा पडला. काकांनी तो उचलून खिशात घातला, मी तो खिशातून काढला.

थर मोजायचं यंत्र एका मित्राकडून आणलं होतं. बॉनेट, टप, तीन दरवाजे सगळे ११० ते १२० मायक्रॉनच्या आत. हा आकडा सगळ्या थरांचा मिळून, पत्र्यापासून वरपर्यंत. मागचा डावा दरवाजा मात्र २७० दाखवत होता. काका जरा गप्प झाले. मग आठवलं की २०२० मध्ये रिक्षाने घासलं होतं आणि विम्यातून दरवाजा रंगवला होता. बंपर प्लॅस्टिकचे, तिथे हे यंत्र आकडाच देत नाही, म्हणून तिथे हात हलका ठेवायचा.

शेवटी चाचणीचा चौकोन. बॉनेटवर दीड फुटाचा चौकोन टेपने आखून घेतला. नियम असा की सगळ्यात सौम्य जोडीने सुरुवात करायची आणि गरज पडली तरच वर चढायचं. मऊ फोमची चकती आणि बारीक पॉलिशने जाळं थोडंसंच कमी झालं. मधला फोम आणि मध्यम पॉलिशने पाचातले चार ओरखडे गेले. मायक्रोफायबरची चकती आणि कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं पॉलिश, लावलं तर जवळजवळ सगळेच गेले असते.

पहिला वाद

मला मधल्या जोडीवर थांबायचं होतं. काकांना सगळेच ओरखडे घालवायचे होते. "एवढं करतोय तर शंभर टक्के कर की." मी त्यांचीच मुद्दलाची भाषा त्यांना ऐकवली. पाचवा ओरखडा काढायला पहिल्या चारांइतकाच थर जातो. गाडी आणखी दहा वर्षं ठेवायची असेल तर पुढच्या पॉलिशसाठी काही शिल्लक नको का? काका बराच वेळ चौकोनाकडे बघत बसले. मग म्हणाले, "ठीक आहे. पण टपावर नीट कर, टप गॅलरीतून दिसतो."

इथवर सगळं शहाणपणाचं झालं. पुढच्या रविवारी साखरपुडा होता. शनिवारी बसून सगळी गाडी उरकायची ठरलं.

गुरुवारचा फोन

गुरुवारी संध्याकाळी काकांचा फोन आला. "तू केलेल्या चौकोनात पांढरे ठिपके आलेत." खाली जाऊन टॉर्च मारला. चकाकणाऱ्या चौकोनात सात-आठ नवी कडी होती आणि त्यांच्यामधून चार-पाच नवे बारीक ओरखडे गेले होते. पाच दिवसांत. बाकीच्या गाडीवर हे कधी दिसलं नसतं, तिथे आधीच गर्दी होती. कोऱ्या पाटीवर मात्र प्रत्येक रेघ दिसते.

माझा पहिला संशय टँकरवर. आमच्या भागात महापालिकेचं पाणी अपुरं पडतं. खडकवासल्याचं पाणी मऊ आहे, पण टँकर बहुतेक बोअरचं पाणी आणतात आणि दख्खनच्या काळ्या कातळातून आलेलं बोअरचं पाणी जड असतं. खिशात पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं तीनशे रुपयांचं टीडीएस मीटर असतं माझ्या. नळाला ६४० दाखवलं. जास्त, पण पाच दिवसांत एवढी कडी? हिशेब जुळेना.

शुक्रवारी पहाटे पावणेसहाला मी पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिलो. गाड्या धुणारे दादा आले. दोन बादल्या, खांद्यावर पिवळी फडकी. पहिल्या बादलीत कपडा बुडवला, पिळला, टपावरून सरसर फिरवला, बॉनेट, दरवाजे, खालची पट्टी, आणि तोच कपडा परत बादलीत. एक गाडी चार मिनिटांत. बादलीच्या तळाशी करड्या गाळाचा थर होता. आजूबाजूला तीन बांधकामं चालू आहेत, खडीची पूड रोज गाड्यांवर बसते. ती न भिजवता कपड्याखाली ओढली जात होती. फडक्याच्या कडेची जाड शिवणही जोडीला.

मी विचारलं, "दादा, या गाडीला पाणी कुठलं?"

"काकूंचं. त्या रोज दोन बादल्या भरून ठेवतात." मग जरा थांबून म्हणाले, "ते पाणी बरं नाही. वाळलं की पांढरं धरतं. मी काकूंना उन्हाळ्यातच बोललो होतो. आणि काळ्या गाडीला कपडा फिरवला की ती उन्हात बोंबलते, सगळ्यांना सांगून दमलो. तेवीस गाड्या आहेत, आठच्या आत उरकाव्या लागतात."

काकूंचं पाणी म्हणजे आरओचं सोडलेलं पाणी. घरचा आरओ एक लिटर पिण्याचं पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. काकू ते गेली तीन वर्षं बादलीत धरत होत्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पाणीकपातीच्या उन्हाळ्यात सोसायटीनेच तशी नोटीस लावली होती. फक्त आरओ जे क्षार पिण्याच्या पाण्यातून काढतो ते सगळे याच पाण्यात येऊन बसतात. मीटर धरलं, आकडा नळापेक्षाही बराच वर. म्हणजे टँकरच्या पाण्याहूनही जड पाणी रोज गाडीवर वाळत होतं.

पाच वर्षं रोज गाडीला हात लावणारा माणूस एकच होता, आणि त्याला आम्ही सगळ्यात शेवटी विचारलं. मी मीटर विकत आणलं, थर मोजायचं यंत्र उसनं आणलं, दूध पिशवीची परीक्षा घेतली, पण सकाळी सहाला खाली उतरलो नाही.

दुसरा निर्णय

शनिवारचं पॉलिश रद्द केलं. धुण्याची पद्धत बदलेपर्यंत उरलेल्या गाडीवर मशीन लावायचं नाही, कारण नाहीतर थर घासायचा आणि महिन्याभरात पुन्हा जाळं विणायचं. काका चिडले. साखरपुड्याला गाडी गेली ती बॉनेटवर एक चौकोन चकाकत ठेवूनच. होणाऱ्या व्याह्यांनी म्हणे विचारलं, इथे स्टिकर होता का?

पर्याय इथेही होते. दादांना बंद करून काकांनी स्वतः धुवायचं, हे काकांच्या गुडघ्यांना जमणारं नव्हतं. रोज वॉशिंग सेंटरला नेणं खर्चिक, आणि तिथले ब्रश काही सौम्य नसतात. शेवटी असं ठरलं की दादा रोज फक्त काचा, आरसे आणि नंबरप्लेट पुसतील, रंगाला कपडा लावणार नाहीत. बुधवारी आणि रविवारी विनाखंगाळ पद्धतीने पूर्ण धुणं. यासाठी वेगळा द्रव मिळतो. बादलीत बाटलीवर लिहिलंय तेवढंच टाकायचं. त्यात चिकट, गुळगुळीत द्रव्यं असतात, ती धुळीच्या कणाभोवती गुंडाळतात आणि कण रंगावर न घासता कपड्यात येतो. वर पाणी ओतावं लागत नाही, दहा लिटरमध्ये गाडी होते. आठ मायक्रोफायबरचे कपडे, प्रत्येकाची चार घडी, म्हणजे प्रत्येकाला आठ कोऱ्या बाजू. मळलेली बाजू गाडीला परत लावायची नाही, मळलेला कपडा बादलीत परत टाकायचा नाही. हात सरळ रेषेत, वरून खाली, आणि चाकांजवळच्या पट्टीला शेवटचा वेगळा कपडा.

बादलीसाठी पाणी कुठलं हा प्रश्न काकूंनीच सोडवला. आठवड्याला दोन बादल्या पालिकेच्या नळाच्या, पाणी येतं त्या वेळी भरलेल्या. मीटरवर ते ९० भरलं. आरओचं पाणी फरशी पुसायला आणि संडासात.

राहिला पैशाचा मुद्दा. दादांना महिन्याला सहाशे मिळत होते. मी आठशे सुचवले. "पुसणार कमी दिवस आणि पैसे जास्त?" काकांचा आवाज चढला. मी काही बोलायच्या आत काकू आतून म्हणाल्या, "द्या हो. बत्तीस हजार द्यायला निघाला होतात." विषय संपला.

पॉलिश आणि कोटिंग

पंधरा दिवस नव्या पद्धतीने धुऊन पाहिलं. चौकोनात नवं कडं आलं नाही, ओरखडा एकच आला आणि तोही बहुधा काकांच्या बोटातल्या अंगठीचा. मग दोन शनिवार-रविवार काढून काम केलं.

रबर, प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि पत्र्याच्या धारदार कडा टेपने झाकल्या. कडेवर थर सगळ्यात पातळ असतो आणि मशीनचा सगळा भार तिथेच एका रेषेत पडतो, म्हणून कडा झाकूनच ठेवायच्या. चकतीवर मटारच्या दाण्याएवढे चार ठिपके, दीड फुटाचा तुकडा, आधी आडवे मग उभे फेरे, वेग गोगलगायीचा. मशीनच्या तव्यावर, म्हणजे चकती बसते त्या भागावर, मार्करने एक काळी रेघ मारली होती. ती फिरताना दिसली पाहिजे. दाब जास्त झाला की चकती फिरायची थांबते, नुसती थरथरते, आणि काम होत नाही. काकांनी पहिल्या अर्ध्या तासात दहा वेळा थांबवली. नंतर त्यांचा हात बसला. खालचे दरवाजे त्यांनीच केले, स्टुलावर बसून, रेडिओ लावून.

प्रत्येक तुकड्यानंतर चकती ब्रशने साफ, आणि पुसलेल्या भागावर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक हात. हे गरजेचं, कारण पॉलिशमधलं तेल ओरखड्यात बसून खोटी चमक दाखवतं. ते काढल्यावर टॉर्चमध्ये जे दिसेल ते खरं काम. मागचा डावा दरवाजा इतरांपेक्षा मऊ निघाला. गॅरेजमध्ये पुन्हा दिलेला रंग कारखान्यातल्या रंगाइतका तापवून पक्का केलेला नसतो. तिथे मध्यम पॉलिशने धूसरपणा आला, मग बारीक पॉलिशचा आणखी एक फेरा द्यावा लागला. डिकीवरची सुरकुती फिकी झाली, गेली नाही. टपावरची काही कडी तशीच सोडली. समोरच्या काचेखालच्या काळ्या प्लॅस्टिकला टेप लावायला विसरलो, तिथे पॉलिशचे पांढरे शिंतोडे वाळले आणि काकूंनी जुना टूथब्रश घेऊन ते काढले.

कोटिंग कुठलं, यावर मी चुकलो. काकांना सिरॅमिक हवं होतं, तो शब्द त्यांच्या डोक्यात बसला होता, आणि मीही फार अडवलं नाही. घरी लावायची ३० मिलीची बाटली आणली. काका लावणार, मी पुसणार. द्रव लावल्यावर त्यावर इंद्रधनुष्यी छटा उमटते, तेव्हा पुसायचं. डिसेंबर संपत आलेला, बेसमेंट गार, छटा उमटायला वेळ लागत होता. डिकीपर्यंत आलो आणि चहा आला. चहा घेतला, गप्पा झाल्या, डिकीचा डावा कोपरा राहून गेला. सकाळी उन्हात तिथे तळहाताएवढा तेलकट काळपट ठसा, दगडासारखा घट्ट. तेवढा भाग पुन्हा पॉलिश करून पुन्हा कोट करावा लागला. म्हणजे ज्या थराला मी मुद्दल मुद्दल म्हणत होतो, तो माझ्या चहापायी दोनदा घासला.

खर्च असा झाला. चकत्या १,८००, पॉलिशच्या दोन बाटल्या १,३००, क्ले ४५०, कपडे १,२००, कोटिंग १,९००, धुण्याचा द्रव ८५०. एकूण ७,५००. मशीन विकत घ्यावं लागलं असतं तर साडेसहा हजार आणखी. वेळ, दोघांचा मिळून, तीसेक तास.

परिणाम

आठ महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, गाडी पुन्हा उन्हात पाहिली. जाळं नाही. बारीक ओरखडे आहेत, शोधले तर सापडतात. मायक्रॉनचे आकडे दोन-तीनने कमी दिसले, पण यंत्राची चूकही तेवढीच असते, त्यामुळे त्यावरून मी काही बोलणार नाही.

पावसाळ्यात नवा नियम जोडावा लागला. चिखल उडलेला असला तर विनाखंगाळ धुणं चालत नाही. चिखल आधी पाण्याच्या फवाऱ्याने उतरवावा लागतो. काका आता पेट्रोलपंपाजवळच्या सेंटरला जाऊन म्हणतात, "फक्त पाणी मारा, कपडा लावू नका." तिथली पोरं हसतात.

जुलैत बेसमेंटचा स्लॅब पाझरला आणि टपावर चुन्याचं पाणी ठिबकलं. सिमेंटमधून झिरपलेलं हे पाणी रंगाचं फार वाटोळं करतं. दादांनी सकाळी पाहिलं आणि लगेच वर फोन केला, व्हिनेगरची बाटली घेऊन काकू स्वतः खाली आल्या. ठसा अगदी फिकट राहिला. कोटिंगने वेळ मिळवून दिला असेल, पण वेळेवर पाहणारा माणूस नसता तर त्या वेळेचं काय केलं असतं?

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या दिवशी पहाटे खाली उतरेन आणि धुणाऱ्या माणसाशी बोलेन, यंत्रं नंतर. दोन आठवडे फक्त धुणं बदलून पाहीन आणि मगच क्ले, कारण क्लेनेही बारीक ओरखडे येतात आणि आम्ही तो पॉलिशच्या तीन आठवडे आधी फिरवून ठेवला. साखरपुड्याची तारीख डोक्यात ठेवून काम आखलं, तेही चुकलं. सौम्य फोमने हलका हात मारून गाडी कार्यक्रमाला पाठवता आली असती.

सिरॅमिक घेणार नाही. सावलीत उभी राहणाऱ्या, आठवड्यातून दोनदा नीट धुतल्या जाणाऱ्या गाडीला साधं सीलंट, म्हणजे मेणासारखा हलका संरक्षक थर, पुरतं. तीन-चार महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं, पण चुकलं तर कपड्याने पुसून निघतं, त्यासाठी मशीन काढावं लागत नाही. शिवाय कोट केलेल्या गाडीवर पाणी गोल थेंबांत उभं राहतं, आणि जड पाण्याचा उभा थेंब वाळला की कडं अधिकच ठळक उमटतं. कोटिंग म्हणजे पाण्याच्या डागांपासून सुटका, ही समजूत काकांचीच नव्हती, माझीही थोडीशी होती.

दादांनी आता सोसायटीतल्या आणखी दोन गाड्या आठशेच्या हिशेबाने घेतल्यात, एक काळी, एक गडद निळी. धुण्याच्या द्रवाची बाटली मालकाने आणायची की दादांनी, हे निळ्या गाडीवाल्यांचं अजून ठरलेलं नाही. तोवर दादा तिच्या फक्त काचा पुसतात.